सांता दोरालीत सरकणारा आवाज

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगतो, कारण असलं काही सांगायला बसलं की लोक आपणहून अंधार धरून चालतात. यात अंधार नाही. भर दुपार आहे. डोक्यावर ऊन आहे. नजर जाईल तिथवर उघडं वाळवंट आहे. लपायला जागाच नाही... ना माणसाला, ना आणखी कशाला.

आणि ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो उबाल्दो माझा शेजारी. वाळवंटाला लागून समुद्रकाठी अँतोफागास्ता शहर आहे, तिथे आमच्या दोघांच्या घरांना एकच भिंत. खाणींवर पाण्याचा टँकर चालवतो. बोलणं इतकं कमी, की त्याची बायको झुनिल्दा म्हणते, "याच्यापेक्षा टँकर जास्त बोलतो." असला माणूस थापा मारत नाही. मला हे सगळं सांगायलाही त्याला वर्ष लागलं.

चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. शनिवार होता.

उबाल्दो आणि त्याचा मेहुणा यर्को सांता दोरालीला निघाले होते. सांता दोराली म्हणजे सोऱ्याच्या, खतात नि सुरुंगाच्या दारूत लागणाऱ्या त्या क्षाराच्या, खाणीची जुनी वसाहत. आता तिथे कुणी राहत नाही. छपरं लोकांनी केव्हाच काढून नेली, दारं-खिडक्या जळणात गेल्या. भिंती तेवढ्या उरल्यात, आणि भिंतींच्या आत वारा.

दोघांनाही मेटल डिटेक्टरचा नाद. वेड लावलं यर्कोनं. यर्को वेल्डर. बायको सोडून गेली तसा बहिणीकडे राहायला आला, आणि रिकामा रविवार खायला उठतो म्हणून त्यानं ते मशीन घेतलं. मग उबाल्दोनंही घेतलं, जुनं, दुसऱ्याच्या हातचं. मोडक्या वसाहतीच्या आत खणायला मनाई आहे. म्हणून हे दोघे बाहेर, खाणीच्या जुन्या रानात फिरायचे. बटणं सापडायची, पट्ट्यांची बक्कलं, आणि नशीब असलं तर कंपनीचे शिक्के. पूर्वी मजुरांना पगारात पैशांऐवजी हेच शिक्के मिळायचे.

"दाजी, तुमचं मशीन म्हणजे म्हातारं कुत्रं," यर्को वाटेत म्हणाला. "भुंकतं सगळ्यांवर, धरत कुणाला नाही."

"तुझं काय धरतं रे? मागच्या खेपेला सार्डिन माशांचा डबा डोक्यावर घेऊन नाचत होतास."

"जुना डबा होता!"

"वास तर ताजा होता."

असे हसत पोचले.

वसाहतीच्या मागे जमीन चाळणीसारखी झालेली आहे. सगळीकडे जुने खड्डे, दगडांचे ढीग. दोघे लांब-लांब फाकले. कानांवर हेडफोन. मशीन डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

वारा पडला होता. तिथे दुपारी वारा पडत नाही.

उबाल्दोला पहिला आवाज आला तो त्यानंतर थोड्या वेळानं.

लोखंडाला मशीन घोगरं बोलतं, तांब्या-पितळेला गोड. हा आवाज घोगरा होता. पण सलग नव्हता.

खर्र... खर्र...

मग गप्प.

मग परत... खर्र.

त्यानं गुडघे टेकले, जागा धरली, खणायला लागला. कोपरभर खोल गेला. काही नाही. मशीन फिरवलं तर खड्डा मुका. आवाज हातभर बाजूला.

चुकलो असेन, असं म्हणून त्यानं तिथे खणलं.

आवाज अजून हातभर पुढे.

आता एक गोष्ट समजून घ्या. हे मशीन जमिनीवरून फिरवत राहिलं तरच बोलतं. स्थिर धरलं की गप्प बसतं. खाली नाणं असो की तोफ. उबाल्दोनं मशीन जमिनीवर ठेवलं. हात काढून घेतला.

खर्र... खर्र... खर्र...

मशीन हलत नव्हतं.

म्हणजे खालचं हलत होतं.

"यर्को!" त्यानं हाक मारली. "जरा इकडे ये."

यर्को आला. आधी हसला. मग स्वतःचं मशीन शेजारी ठेवलं, आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. दोघांच्या कानात एकच आवाज. आधी उबाल्दोच्या मशीनमध्ये मोठा. मग तिथे बारीक झाला आणि यर्कोच्या मशीनमध्ये मोठा.

काहीतरी एकाच्या खालून निघून दुसऱ्याच्या खाली गेलं होतं.

"उंदीर असेल," उबाल्दो म्हणाला.

"लोखंडाचा?"

उबाल्दोनं आपलं मशीन उचललं. त्याला निघायचं होतं. का, ते सांगता आलं नसतं. पाठीला कुणीतरी गार हात लावावा तसं वाटत होतं, एवढंच. पण यर्कोला आता चेव चढला होता. तो खणायचा, आवाज पुढे जायचा, तो पुढे जाऊन परत खणायचा.

"थांब जरा. चहा घेऊ. गाडीतून थर्मास आणतो," उबाल्दो म्हणाला. वाटलं, चहा घेताना समजावू आणि घरी नेऊ.

गाडी जवळच होती. तो गेला, थर्मास घेतला, पाव घेतले, वळला.

यर्को नव्हता.

उघडं वाळवंट हो! झाड नाही, झुडूप नाही. दूरवरचा माणूस मुंगीएवढा तरी दिसतोच. त्यानं चारी दिशांना पाहिलं. हाका मारल्या. हाक गेली ती गेलीच, परत आलीच नाही.

खड्डे मात्र होते.

एकापुढे एक, हात-हात अंतरावर, यर्कोनं खणलेले. सुरुवातीचे खोल. मग उथळ होत गेलेले. मग नुसतेच बोटांनी ओरबाडल्यासारखे... कुदळ मध्येच कुठेतरी टाकून दिलेली.

उबाल्दो त्या खड्ड्यांच्या मागे चालत सुटला. रान थोडं चढत गेलं आणि पलीकडे खोलगट झालं. तिथे, त्या खोलगटात, यर्को पालथा पडला होता.

उबाल्दोच्या हातून थर्मास सुटला.

धावत जाऊन त्यानं त्याला खांद्याला धरून हलवलं. यर्कोनं डोळे उघडले. जिवंत होता, धडधाकट होता. गाल जमिनीला टेकलेला, कानांवर हेडफोन. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, दाजी. थकलाय तो."

"कोण थकलाय?"

"मधेच थांबतो. दम खातो. मग परत लागतो."

उबाल्दोनं त्याच्या कानांवरचे हेडफोन ओढून आपल्या कानाला लावले.

खर्र... खर्र...

आणि मग थांबून... खर्र.

तेवढ्यात त्याची नजर बाजूला गेली. यर्कोचा रुमाल पसरलेला होता. त्यावर मशीनच्या बॅटऱ्या नीट मांडून ठेवलेल्या.

"या का काढल्यास?"

"आवाज थांबतो का बघायला," यर्को म्हणाला.

उबाल्दोनं हेडफोन फेकले. मेहुण्याला काखेत धरलं आणि जवळजवळ ओढत गाडीपर्यंत आणलं. तिथून थेट घर गाठलं.

झुनिल्दाला काही सांगायचं नाही, असं उबाल्दोनं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या चहाला त्याच्या सासूबाई आल्या. दोन्या एदुविना, म्हणजे एदुविनाबाई, यर्कोची आई. वय झालेलं, पण डोकं अजून तल्लख. त्यांचा जन्मच सांता दोरालीतला. त्यांचे वडील तिथे खाणमजूर होते. म्हातारी पावाला पॅल्ता, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोचा गर, लावत होती, आणि यर्कोनं विचारलंच.

"आई, तिकडे कुणी जमिनीत गाडला गेला होता का गं?"

म्हातारीची सुरी थांबली.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. असंच."

"असंच कुणी विचारत नाही."

तिनं पाव ताटलीत ठेवला. मग बोलली.

"धागा. नाव त्याचं एलॉय, पण सगळे धागाच म्हणायचे. इतका बारीक होता. सोरा काढायचा तर आधी जमिनीला अरुंद भोक पाडायचे, माणूस जेमतेम उतरेल एवढं. मग धाग्यासारखा कुणीतरी आत जायचा आणि तळाशी सुरुंगाच्या दारूसाठी पोकळी कोरायचा. हातात लांब दांड्याचा लोखंडी चमचा. एकदा तो आत असताना वरची माती बसली."

"मेला?" झुनिल्दानं विचारलं.

"मेला असता तर बरं झालं असतं, असं बाबा म्हणायचे. बाबा वरून हाका मारत होते. खालून उत्तर आलं. पण भोकातून नाही... बाजूनं. घाबरून तो आडवा खणत निघाला होता. माणसं जमिनीला कान लावून त्याच्या मागे-मागे. इथे खणा, इथे खणा. खणेपर्यंत तो पुढे गेलेला. दिवस गेला. दुसरा उजाडला. अजून खरवडतच होता. मग मॅनेजरनं भोंगा वाजवायला लावला. चला म्हणे, कामाला लागा. सुरुंग लावले."

"आणि मग?" यर्कोचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मग काय? सुरुंगाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येतं का?"

म्हातारीनं सुरी खाली ठेवली. तो पाव तिनं खाल्लाच नाही.

त्या दिवसापासून यर्को बदलला. जेवताना मधेच थांबायचा, कान टवकारायचा. जमिनीवर पाय टेकवून बसायचा नाही, खुर्चीवर वर घ्यायचा. आणि मग एका सकाळी तो कामावर गेला नाही. पहार घेतली, पाण्याचे डबे घेतले आणि मिळेल त्या ट्रकनं सांता दोरालीला गेला. रात्री परतला. दुसऱ्या दिवशी परत गेला. तिसऱ्या दिवशी परतलाच नाही.

वर्कशॉपमधून फोन आला, की आता येऊ नको म्हणावं.

झुनिल्दानं नवऱ्याच्या हातात गाडीची किल्ली ठेवली. "माझा एकच भाऊ आहे. त्याला घेऊन आल्याशिवाय या दारात पाऊल टाकायचं नाही."

उबाल्दो पोचला तेव्हा सूर्य वर आला होता. लांबूनच ऐकू आलं.

ठण्ण... ठण्ण... ठण्ण.

यर्को त्याच खोलगट जागी बसला होता. ओठ उन्हानं फुटलेले. नाकाची सालं गेलेली. दोन्ही हातांनी पहार धरून जमिनीवर आपटत होता. एकाच जागी.

"चल घरी," उबाल्दो म्हणाला.

"नाही."

"नोकरी गेली तुझी."

"जाऊ दे."

"ताई रडतेय."

पहार थांबली. पण क्षणभरच.

"दाजी, एक सांगू? सगळे त्याच्या मागे धावले. तेव्हाही, आणि आपणही. वरचा आवाज ऐकून तो आवाजाकडे यायला बघतो. येईपर्यंत आपण तिथून हललेलो. एका जागी कुणी बसलंच नाही हो त्याच्यासाठी." ठण्ण. "मी बसलोय. आणि तो येतोय. पहिल्या दिवशी किती लांब होता! आता बघा."

मशीन शेजारीच पडलं होतं. उबाल्दोला हेडफोन लावायचे नव्हते. लावायची गरजही पडली नाही. त्याच्या बुटांच्या तळव्यांना कळलं. खालून काहीतरी घासत येत होतं.

इथे तो नेहमी थांबतो. सांगताना पाण्याचा ग्लास उचलतो आणि न पिता परत ठेवतो.

तो पळाला असता. तो म्हणतो, पाय वळलेही होते. पण यर्कोच्या हातांना फोड आले होते, ते फुटले होते, पहारीला रक्त लागलं होतं. आणि यर्को थांबणार नव्हता. तिथेच संपला असता.

उबाल्दोनं त्याच्या हातून पहार घेतली.

"पाणी पी," म्हणाला. "मी ठोकतो."

दोघांनी आळीपाळीनं ठोकलं. दुपार झाली. वारा पडला. खालचा आवाज आता कानांना ऐकू येत होता... हेडफोनशिवाय. खर्र. दम. खर्र. दम. जवळ आला तसा भराभर यायला लागला. घाईनं. अधाशासारखा.

मग तो बरोबर दोघांच्या पायांखाली आला.

आणि थांबला.

उबाल्दो म्हणतो, त्या शांततेएवढं भयंकर त्यानं आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

"खणा!" यर्को ओरडला.

खणलं. वेड्यासारखं खणलं. वरची माती गेली, मग सोऱ्याचा थर लागला, दगडासारखा कडक, कधी कुणी हात न लावलेला. पहारीनं तो फोडला. फुटला तसा पहारीचा टोकाकडचा भाग एकदम आत गेला.

खाली पोकळी होती.

भोक मोठं करून दोघांनी आत वाकून पाहिलं. ऊन सरळ आत पडलं होतं. सगळं लख्ख दिसत होतं. गुडघे पोटाशी घेऊन माणूस बसावा, तेवढीच जागा. भिंतींवर चमच्यानं ओढल्यासारखे चरे. त्या पोकळीत यायला वाट नव्हती. बाहेर जायलाही नव्हती. चारी बाजूंनी अखंड, कोरी जमीन.

आत कुणी नव्हतं.

हाड नाही. चिंधी नाही. लोखंडाचा तुकडा नाही.

उबाल्दोनं हात आत घातला. जमीन आतून थंड असते. ही ऊबदार होती... नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

आणि घामाचा वास आला. त्या दोघांचा नव्हे, असा.

यर्कोनं मशीन उचललं, पोकळीवर धरलं, आजूबाजूला फिरवलं. काही नाही. लांबवर फिरवून आला. मशीन मुकं. मग तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"सुटला," म्हणाला. "दाजी, सुटला तो."

उबाल्दोच्या मनात तेव्हा दुसराच प्रश्न आला. तो त्यानं यर्कोला विचारला नाही. आजवर विचारलेला नाही.

सुटला... मग गेला कुठे?

उघडं वाळवंट. लपायला जागा नाही. दोघांशिवाय कुणी दिसत नव्हतं, आणि वारा अजूनही पडलेलाच होता.

त्यांनी सामान गोळा केलं. भोक बुजवलं. गाडीत बसले. उबाल्दोची पिकअप जुनी आहे, पुढे एकच लांब सीट. उबाल्दोनं गाडी चालू केली, हमरस्त्याला लागला. शहर दिसायला लागलं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपलं अंग दाराला दाबलं गेलंय. खांदा दुखतोय.

त्यानं यर्कोकडे पाहिलं.

यर्कोही पलीकडच्या दाराला चिकटून बसला होता. पाय आखडून, हात छातीशी.

मधली जागा मोकळी होती. दोघांनी एक शब्द न बोलता मोकळी सोडलेली.

एकानंही विचारलं नाही. कुणी सरकूनही बसलं नाही.

यर्को आता बरा आहे. दुसरं काम लागलं, जेवतो, हसतो. झुनिल्दा म्हणते, आता तो निवांत झोपतो. दोन्या एदुविनाला त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की आम्ही तिथे खणून आलो. म्हातारीनं दोघांचे हात हातात घेतले, पुढे काही विचारलं नाही. मशीनं दोघांनीही विकून टाकली.

उबाल्दोचं मात्र तसं नाही. माणूस आधीच कमी बोलणारा, आता अजून कमी बोलतो. आणि त्याच्या पिकअपमधून कुठे जायचं असलं, तर तो आम्हाला मागे हौद्यात बसायला लावतो, नाहीतर दाराशी. मधे कुणाला बसू देत नाही. विचारलं तर म्हणतो, तिथली स्प्रिंग तुटली आहे, टोचते.

गेल्या महिन्यात तो पेट्रोल भरायला उतरला होता. मी एकटाच गाडीत होतो. मला राहवलं नाही. मी मधल्या जागेवर तळहात दाबून पाहिला.

स्प्रिंग शाबूत आहे.

हात मी लगेच काढून घेतला. सकाळची वेळ होती, काच खाली होती, समुद्राकडून गार वारा येत होता. बाकीची सीट थंडगार होती.

उबाल्दो परत आला. माझ्याकडे पाहिलं, मग सीटकडे पाहिलं. त्यानं गाडी चालू केली. आम्ही निघालो.

मी दाराला चिकटून बसलो होतो.